‘सोडव गो बाय’ : आबांची नळी मी परत घातली नाही. इच्छामरणाबद्दल बोलायचं आहे

सुरंगी | रविवार, रात्री १०:२०

आबांना जाऊन सव्वा महिना झाला. तेराव्याला मुंबईहून आलेला माझा चुलतभाऊ पंगत उठल्यावर मागीलदारी हात धुताना सगळ्यांच्या देखत म्हणाला, "नळी परत घातली असती तर काका अजून सहा महिने होते." कुणी काही बोललं नाही. मीही नाही. तेव्हापासून रात्री दोनला जाग येते आणि मग झोप लागत नाही. म्हणून इथे लिहितेय.

आबा ८४ वर्षांचे. आमचं गाव राजापूर तालुक्यात, खाडीकाठी. ऐन श्रावणात अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, गिळणं गेलं, बोलणं अर्धं राहिलं. भर पावसात रत्नागिरीला पोचायला साडेतीन तास लागले. ज्या इस्पितळात ठेवलं त्याचं नाव घेत नाही. तिथे अकरा दिवस आयसीयूत होते. नाकातून पोटात नळी. ती त्यांनी दोनदा ओढली, म्हणून त्यांचा चांगला असलेला डावा हात कॉटच्या कठड्याला बँडेजच्या पट्टीनं बांधून ठेवला होता. मला दिवसातून दोनदा, दहा दहा मिनिटं आत सोडत. तिसऱ्या दिवशी मी वाकले तेव्हा ते म्हणाले, "सोडव गो बाय."

आबा गावात गाऱ्हाणं घालायचे. कुणाचा जीव अडकला, चार चार दिवस नुसती घरघर चालली, की त्या घरचं माणूस नारळ घेऊन आमच्या अंगणात यायचं. आबा देवळात उभे राहून म्हणायचे, "पडल्या जीवाची सोडवणूक कर गे माये," आणि मागची माणसं म्हणायची, "होय म्हाराजा." मी हा शब्द लहानपणापासून त्याच अर्थानं ऐकलाय. त्यामुळे मला वाटलं, आबा मरण मागताहेत. बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. पुढचे दोन दिवस माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते इथे लिहिणार नाही, पण बापाचं ऐकायचं असं मी जवळजवळ ठरवलं होतं.

पाचव्या दिवशी रात्रपाळीच्या सिस्टरनी पट्टी बदलायला त्यांचा हात मोकळा केला. मी तिथेच होते. मनगटाभोवती लाल वळ, एका जागी कातडी सोलून ओली झालेली. आबांनी तो हात उचलला, छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. नळीकडे नेलासुद्धा नाही. दहा मिनिटांत घोरायला लागले. त्यांना हात सोडवून हवा होता.

अकराव्या दिवशी 'स्वतःच्या जबाबदारीवर नेतो' असं लिहून, सही करून त्यांना घरी आणलं. नळीसकट. घरी बारा दिवस बरे गेले. तेराव्या दिवशी पहाटे त्यांनी स्वतःच नळी काढून टाकली. मी विचारलं, "आबा, परत घालायची का?" त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. दुपारी विचारलं, दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. तेच. गावातले डॉक्टर म्हणाले, "तुम्ही ठरवा." मी घातली नाही. चमच्यानं पेजेचं पाणी दिलं, घेतील तेवढं. नवव्या दिवशी गेले, माजघरात, माझ्या मांडीवर.

माझा प्रश्न सरळ आहे. मी गुन्हा केला का? आणि दुसरा, जो मला जास्त छळतो : आपल्याकडे मरणाला मदत करण्याचा कायदा असता आणि तिसऱ्या दिवशी मी जाऊन सांगितलं असतं की माझे वडील सोडवणूक मागताहेत, तर?

---

खाडीपट्टा_डॉक्टर | रविवार, रात्री ११:०५

सुरंगीताई, आधी तुमच्या भावाच्या वाक्याचं. सहा महिने हा आकडा त्याला कुणी दिला? ८४ व्या वर्षी मोठा झटका, गिळणं गेलेलं, अंथरुणाला खिळलेलं माणूस. अशांना नळी असूनही छातीत पाणी-अन्न जाऊन न्यूमोनिया होतो. नळीनं तो धोका संपत नाही. मी वीस वर्षं या पट्ट्यात प्रॅक्टिस करतो, असं छातीठोकपणे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

दुसरं. शेवटाकडे गेलेल्या शरीराला भूक राहत नाही. घरच्यांना वाटतं, उपाशी ठेवलं म्हणून गेले. खरं तर शरीर मिटत आलेलं असतं म्हणून खाणं सुटतं. तुम्ही चमच्यानं दिलंत, ओठ ओले ठेवलेत, विचारत राहिलात. एखाद्या चांगल्या पॅलिएटिव्ह केंद्रात, म्हणजे बरं न होणाऱ्या दुखण्यात त्रास कमी करायला असतात तिथे, याहून वेगळं काही केलं नसतं.

आणि हात बांधण्याबद्दल. हे फार ठिकाणी होतं, कारण रात्री दहा पेशंटमागे एक सिस्टर असते. कारण समजतं, पण कातडी सोलेपर्यंत पट्टी तशीच राहणं समजत नाही. पेशंट काय म्हणतोय हे विचारायची जबाबदारी आमची होती. याबद्दल डॉक्टर म्हणून मला वाईट वाटतं.

---

राजापूरचा_वकील | सोमवार, सकाळी ८:१५

ताई, तुम्ही गुन्हा केलेला नाही. रात्री झोपा.

आता कारण सांगतो, कारण या विषयात तीन वेगळ्या गोष्टींना लोक एकच नाव देतात आणि सगळा घोळ तिथे होतो. डॉक्टरनं किंवा दुसऱ्या कुणी औषध देऊन जीव घेणं हा भारतात गुन्हा आहे. माणसानं विनवणी केली होती, संमती दिली होती, हे सिद्ध झालं तरी खुनाऐवजी सदोष मनुष्यवध एवढाच फरक पडतो, सुटका नाही. स्वतः मरू पाहणाऱ्याला साधन पुरवणं, मदत करणं, ज्याला परदेशात 'असिस्टेड सुइसाइड' म्हणतात, ते आपल्याकडे आत्महत्येला साहाय्य या सदरात येतं. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३०६, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०८, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. आणि तिसरी गोष्ट म्हणजे उपचार नाकारणं, किंवा निरुपयोगी झालेला उपचार थांबवणं. हे कायदेशीर आहे. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाला उपचार नाकारायचा हक्क आहे. आबांनी स्वतः नळी काढली आणि परत घालायला नकार दिला, तोही तीन दिवस पुन्हा पुन्हा विचारल्यावर. तुम्ही त्यांचा नकार मानलात.

इतिहास थोडक्यात. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयानं एका पोलीस कॉन्स्टेबलच्या खटल्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं कलमच रद्द ठरवलं होतं. १९९४ ला सर्वोच्च न्यायालयही तिथेच आलं. १९९६ ला ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांनी ते फिरवलं : जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. पण त्याच निकालात एक फट होती. मरणाची प्रक्रिया सुरू झालेल्या माणसाला सन्मानानं जाऊ देणं हे वेगळं, असं त्यात म्हटलं होतं. पुढचं सगळं त्या फटीतून आलं. ७ मार्च २०११ ला अरुणा शानबाग या हल्ल्यानंतर शुद्ध हरपलेल्या परिचारिकेचा निकाल, ९ मार्च २०१८ ला कॉमन कॉज संस्थेच्या खटल्याचा, ज्यानं कोणते उपचार नकोत ते आधी लिहून ठेवायला मान्यता दिली, आणि २४ जानेवारी २०२३ ला त्याच्या अटी सोप्या करणारा आदेश.

आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दलही सांगून ठेवतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं आणि त्याची काळजी घ्यायची असते. नव्या संहितेत जुनं ३०९ कलम राहिलेलं नाही. फक्त सरकारी नोकरावर दबाव आणायला केलेला प्रयत्न शिक्षेला पात्र आहे. मदत करणाऱ्याला मात्र कसलीही सवलत नाही.

---

तात्या_गुरुजी | सोमवार, सकाळी ११:४०

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. मी आपल्या मातीतलं सांगतो. विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनी औषध, अन्न, पाणी सगळं बंद केलं आणि १५ तारखेला, दिवाळीत, देह ठेवला. देशाच्या पंतप्रधानांनी विनंती करूनही ऐकलं नाही. सावरकर रत्नागिरीत १९३७ पर्यंत स्थानबद्ध होते. त्यांनी १९६६ च्या फेब्रुवारीत तसंच केलं, २६ तारखेला गेले, वय ८२. आत्महत्या वेगळी आणि आत्मार्पण वेगळं, हे त्यांनी आधी लिहूनही ठेवलं होतं. जैनांचा संथारा आहे, अन्नपाणी सोडून देह ठेवायचं व्रत. त्यावर राजस्थान उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१५ मध्ये बंदी आणली आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली.

काम संपलं, आता निघतो, हे म्हणायची रीत आपल्याकडे आहे. माझं वय ७९. मला ती रीत हवी आहे. व्हेंटिलेटरवर मुंबईची वाट बघत पडणं नको.

---

सुरंगी | सोमवार, दुपारी ३:३०

गुरुजी, तुमच्या लिहिण्याचा मान ठेवून एक विचारते. विनोबांच्या भोवती आश्रम होता. दिवसभर कुणीतरी पायाशी बसलेलं. ते काय म्हणतात हे ऐकायला सगळा देश थांबला होता. आबांचं ऐकायला मला दहा मिनिटं मिळत होती, आणि मी चुकीचं ऐकलं. त्यांची लेक असून.

---

जयगड_बंदर | सोमवार, रात्री ९:१०

हे लिहावं की नाही याचा दिवसभर विचार केला.

माझी बायको गणिताची शिक्षिका होती. पोटाचा कॅन्सर. परळला उपचार झाले, चौदा महिने. ज्या दिवशी पुढे काही करण्यासारखं नाही असं सांगितलं, त्या दिवशी आम्ही परत निघालो. ती गाडीत खिडकीशी बसून म्हणाली, "मला तारीख हवी." मी म्हटलं, कसली? "जायची. माझ्या डोक्यानं मी ठरवलेली."

सुरंगीताई, तिच्या बोलण्यात दुसरा अर्थ नव्हता. तिचा हात कुणी बांधला नव्हता. दुखणं होतं, पण तेवढंच नव्हतं. दुसऱ्यानं तिला धुवावं लागणं, मुलानं ते पाहणं, दिवसातून दोन तास स्वतःसारखं असणं आणि बावीस तास नसणं, हे तिला नको होतं. हे तिनं शांतपणे, तीन वेगवेगळ्या आठवड्यांत, मला आणि तिच्या भावाला सांगितलं. मी काही करू शकलो नाही. वकीलसाहेब म्हणतात ते कलम मला माहीत होतं. मुलगा अकरावीत होता, मी आत गेलो असतो तर त्याला कुणी पाहिलं असतं? ती शेवटचे एकोणीस दिवस जशी गेली, तशी जावी असं तिच्या वाईटावर टपलेल्यालाही वाटलं नसतं.

स्वित्झर्लंडमध्ये १९४२ पासूनच्या कायद्यात स्वार्थासाठी मदत केली तरच शिक्षा आहे. २०१८ मध्ये १०४ वर्षांचे डेव्हिड गुडॉल हे शास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियाहून विमानानं बासेलला गेले आणि तिथे मरण घेतलं. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात १९९७ पासून कायदा आहे : सहा महिन्यांच्या आत मरण येणार असं दोन डॉक्टरांनी सांगितलं पाहिजे, माणसानं पुन्हा पुन्हा मागितलं पाहिजे, शेवटची कृती त्याची त्यानं केली पाहिजे. आणि तिथे ज्यांना परवानगी मिळते त्यातले बरेच जण ती वापरतच नाहीत. दार आहे हे कळलं की पुरतं. माझ्या बायकोला ते दार असतं तर कदाचित तिनंही ते उघडलं नसतं. पण ते एकोणीस दिवस तिनं भिंतीकडे बघत काढले नसते.

सेवा वाढवा, गोळ्या द्या, हे सगळं मान्य. पण सगळ्यांना सगळं त्यात बसत नाही. ज्यांना बसत नाही त्यांचं काय, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

---

खाडीपट्टा_डॉक्टर | सोमवार, रात्री ९:५५

जयगड, तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. तुमच्या शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि असल्यासारखं दाखवणार नाही.

फक्त एक विचारतो, दुखावायला नाही. त्या एकोणीस दिवसांत मॉर्फिन होतं?

---

जयगड_बंदर | सोमवार, रात्री १०:०२

परळहून दिलेल्या गोळ्या आठ दिवस पुरल्या. नंतर मी मोटरसायकलनं सगळं पालथं घातलं. "ते आमच्याकडे नसतं." शेवटी मेहुणा रात्रीच्या गाडीनं मुंबईहून घेऊन आला. तेव्हा दोन दिवस उरले होते.

---

खाडीपट्टा_डॉक्टर | सोमवार, रात्री १०:३०

हेच मला खुपतं. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात बदल झाला तो याचसाठी. त्याआधी एका गोळीसाठी पाच परवाने लागायचे. आता मान्यताप्राप्त संस्थेला ती ठेवता येते, लिहून देता येते. कायदा बदलून दहा वर्षं उलटली, तरी आमच्या किनाऱ्यावर माणूस मोटरसायकलवर फिरतोय. केरळनं २००८ मध्ये राज्याचं पॅलिएटिव्ह धोरण केलं आणि पंचायतीच्या पातळीवर नर्स घरोघरी पाठवल्या. आपल्या आणि त्यांच्या किनाऱ्यात फार फरक नाही. तेच माड, तोच पाऊस, घरात तेच म्हातारे, मुलं तशीच बाहेरगावी.

मॉर्फिन योग्य मात्रेत दिलं तर ते मरण आणत नाही, दुखणं उतरवतं. हे इथल्या काही डॉक्टरांनाही सांगावं लागतं.

---

कुडाळची_वैनी | मंगळवार, सकाळी ६:५०

माका प्रमाण मराठीत लिवक तितक्यासा जमणा नाय, मालवणीतच लिवतंय.

माझी सासू चार वर्सां झाली खाटल्यार आसा. रोज सकाळी म्हणता, "देवा, माका उचल रे." आणि रातची प्रेशरची गोळी देवक मी इसारलंय तर तीच माका हाक मारून आठवण करता. माका वाटता दोनव खरा आसा. सकाळचा पण खरा, रातचा पण खरा. कायदो करतल्यांका माझा येकच सांगणा : म्हातारी माणसा सकाळी काय म्हणतत ताच लिवन घेव नकात, रातचा काय म्हणतत ताय आयका.

---

पाखाडी_४२ | मंगळवार, दुपारी १२:१५

२०१३ च्या हंगामात मी कलमावरून पडलो. हापूस काढत होतो, फांदी ओली होती. कमरेखाली सगळं गेलं. वय २६.

पहिलं वर्षभर मी रोज मरण मागत होतो. शांतपणे, शुद्धीवर, वेगवेगळ्या आठवड्यांत. जयगडदादा, वहिनींबद्दल मी एक शब्द बोलणार नाही, त्यांचं मरण दारात उभं होतं. माझं नव्हतं. पण कागदावर आमचं दोघांचं मागणं सारखंच दिसलं असतं.

मला तेव्हा वाटायचं, मला पाय नाहीत म्हणून मरायचंय. खरं काय होतं ते सांगतो. रस्त्यापासून आमच्या घरापर्यंत जांभ्याची पाखाडी आहे, बेचाळीस पायऱ्या. चौघांनी उचलल्याशिवाय मी घराबाहेर पडू शकत नव्हतो. चौघं रोज कुठून आणायचे? चौदा महिने मी एकच खिडकी बघितली. त्यातून फणसाचं एक झाड आणि शेजारच्यांच्या गोठ्याचं कौल दिसायचं. मग वाडीतल्या पोरांनी वरच्या बाजूनं, आंब्याच्या बागेतून, जेसीबी लावून कच्ची वाट काढली. तीन दिवसांचं काम. ज्या दिवशी मी स्वतः चाकं फिरवत सडकेवर आलो त्या दिवसापासून मरण मागणं कमी झालं. थांबलं नाही, कमी झालं. आज माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

कॅनडात २०१६ ला कायदा झाला तेव्हा मरण जवळ असलेल्यांपुरता होता. २०२१ मध्ये ती अट काढली. म्हणजे माझ्यासारख्यालाही तिथे अर्ज करता येतो. माझ्या पहिल्या वर्षात तसा अर्ज आणि चांगला डॉक्टर मिळाला असता, तर सगळ्या अटी मी पूर्ण केल्या असत्या. आणि तीन दिवसांच्या जेसीबीचा विषय कुणी काढला नसता.

---

आंबा_बागायत | मंगळवार, दुपारी २:००

पाखाडीभाऊ, अंगावर काटा आला.

एक बाजू कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. आमच्याकडे हायवेत जमिनी गेल्या, मोबदला आला. सातबाऱ्यावर म्हाताऱ्याचं नाव, पोरं चार, सुना चार. अशा घरात म्हाताऱ्याची 'इच्छा' कोण लिहून घेणार? मी स्वतः दोन घरांत पाहिलंय, अंगठा घेताना माणसाला काय वाचून दाखवलं आणि कागदात काय होतं. जिथे मृत्युपत्राची ही गत, तिथे मरणाच्या परवानगीचा कागद मला भीतीचा वाटतो.

---

जयगड_बंदर | मंगळवार, दुपारी ४:४५

पाखाडी, तुझं लिहिणं मनाला लागलं. ऑरेगनसारखी सहा महिन्यांची अट मी त्याचसाठी म्हणतो. तुझ्यासाठी वाट आणि तिच्यासाठी दार, दोन्ही मागता येतं.

बागायतदार, भीती खरी. पण एक बघा. आज कागदाशिवाय काय होतं? सुरंगीताईंनी लिहिलं ना, 'स्वतःच्या जबाबदारीवर नेतो'. त्या एका सहीवर कितीतरी माणसं नळ्या काढून घरी आणली जातात आणि वाटेत हायवेवर जातात. तिथे डॉक्टरांचा कुठला बोर्ड बसतो? पेशंटला कोण विचारतं? तिथे बिल ठरवतं.

---

सुरंगी | मंगळवार, रात्री ८:३०

यावर मला खरं बोललं पाहिजे. अकराव्या दिवशी मी सही केली त्यात आबांचा वळ होता, आणि बिलाचाही आकडा होता. दोन्ही होते. किती कशाचं, ते मला आजही वेगळं काढता येत नाही.

जयगडदादा, तुमच्या मागणीला माझी ना नाही. तुमच्या बायकोनं तीनदा सांगितलं आणि तुम्ही तीनदा ऐकलंत. माझं म्हणणं इतकंच की ऐकणं आधी यायला हवं. आबांनी 'सोडव' म्हटलं ते हातासाठी. घरी आल्यावर एकदा म्हणाले ते, मला वाटतं, डायपरसाठी. आणि शेवटच्या दोन दिवसांत म्हणाले ते खरंच निघण्यासाठी. शब्द एकच. तिसरा अर्थ मला कळला, कारण आधीचे दोन पुरे करून झाले होते.

---

संपादक मंडळ | मंगळवार, रात्री ९:००

सगळ्यांनी इतक्या जपून लिहिल्याबद्दल आभार. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर कधीही फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. इथे कुणीही साधनं किंवा औषधांची माहिती विचारू किंवा देऊ नये.

---

तात्या_गुरुजी | बुधवार, सकाळी ७:३०

काल दिवसभर विचार करत होतो. सुरंगी, तुझा मुद्दा मानला. मी 'रीत' म्हटलं, पण आमच्या घरात मी आणि कुकर लावायला येणारी बाई, एवढीच माणसं. मुलगा दुबईला. मी काय म्हणतो ते ऐकायला तिथे कोण असेल? वकीलसाहेब, शुद्धीवर असताना काय लिहून ठेवता येतं ते नीट सांगा.

---

राजापूरचा_वकील | बुधवार, सकाळी १०:१०

गुरुजी, त्याला लिव्हिंग विल म्हणतात, कोर्टाच्या भाषेत आगाऊ वैद्यकीय निर्देश. अठरा वर्षांवरचा, शुद्धीवरचा कुणीही करू शकतो. मी पुढे बरा होणार नसेन आणि बोलू शकणार नसेन तेव्हा कोणते उपचार नकोत, ते स्पष्ट लिहायचं. तुमच्या वतीनं निर्णय कुणी घ्यायचा त्यांची नावं द्यायची, एकापेक्षा जास्त चालतात. दोन साक्षीदार, शक्यतो ज्यांना तुमच्या इस्टेटीत काही मिळणार नाही असे. मग नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. २०१८ मध्ये यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागायचं, त्यामुळे कुणी जात नव्हतं. २०२३ च्या आदेशानं ते काढलं. एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरला, एक नेमलेल्या माणसांना, आणि एक स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याकडे. गावात म्हणजे ग्रामपंचायतीत.

यात औषध देऊन मारा असं लिहिता येत नाही. फक्त 'हे करू नका, हे थांबवा'.

वेळ आली की आधी इस्पितळातलं मंडळ बसतं : उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर. दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, दंडाधिकाऱ्यांना कळवायचं, मग उपचार थांबवायचे. बागायतदारांनी जी भीती सांगितली तिच्यासाठीच ही दोन मंडळं आहेत. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सोनक यांनी २०२४ मध्ये स्वतःचा असा निर्देश नोंदवला. न्यायाधीश पुढे आला की कारकून फाइल उघडतो, म्हणून सांगितलं.

अरुणा शानबागांचं एक राहिलं. त्या हळदीपूरच्या, उत्तर कन्नडच्या, म्हणजे आपल्याच किनाऱ्याच्या खालच्या टोकाच्या. २७ नोव्हेंबर १९७३ ला मुंबईच्या केईएम इस्पितळात त्यांच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला जाईपर्यंत त्या त्याच इस्पितळात होत्या. पत्रकार पिंकी विराणींनी त्यांना जाऊ द्या अशी याचिका केली. केईएमच्या परिचारिकांनी विरोध केला : आम्ही तिला भरवतो, आम्हाला ती जड नाही. कोर्टानं परिचारिकांचं ऐकलं, आणि त्याच निकालात इतरांसाठी वाट उघडली. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू प्रेमापोटीच बोलत होत्या. अरुणाबाईंचं स्वतःचं म्हणणं मात्र कुणाकडेच नव्हतं. तुमचं असेल.

---

सुरंगी | पुढचा सोमवार, सायंकाळी ६:२०

कळवायचं म्हणून लिहितेय. मी माझा कागद केला. वय ५३, काही आजार नाही. ग्रामपंचायतीत घेऊन गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी पूर्ण वाचला, म्हणाले, "ताई, हे कुठल्या नोंदवहीत घालू ते मला कुणी सांगितलेलं नाही." नाही म्हणाले नाहीत. आवक नोंदवहीत घेतला, क्रमांक घातला, माझ्या प्रतीवर शिक्का मारून दिला, आणि वरून काय सूचना आहेत ते पंचायत समितीत विचारतो म्हणाले. जाताना त्यांनी कोऱ्या नमुन्याची एक झेरॉक्स ठेवून घेतली. त्यांची आई आजारी आहे.

पहिलं वाक्य मी लिहिलंय : माझे हात बांधू नयेत. वकील "हे कशाला?" म्हणाले, पण ठेवलं. व्हेंटिलेटर नको, छाती दाबणं नको, घरी आणावं, दुखणं उतरवायला लागेल ते द्यावं. आणि चौथी ओळ, नाकातून नळी नको.

पुण्याहून लेकीनं वाचलं आणि फोनवर विचारलं, "आई, नळी नको म्हणजे कधीच नको? आठ दिवसांनी गिळता येणार असेल, तरी नको? तुला भूक लागली असेल, तरी?" मला उत्तर देता येईना. म्हटलं, उद्या सांगते. चार दिवस झाले.

वकीलसाहेब, सही-शिक्का झालेल्या कागदात एक ओळ बदलायची तर काय करावं लागतं?

---

राजापूरचा_वकील | सोमवार, सायंकाळी ७:०५

शुद्धीवर आहात तोवर केव्हाही बदलता येतो. पद्धत तीच, परत दोन साक्षीदार, परत नोटरी. आणि जुन्या प्रती जिथे जिथे दिल्यात तिथे नवी द्या, नाहीतर वेळेला जुनीच हाती लागेल. लेकीला बरोबर आणा. ओळ तिच्याशी बोलूनच लिहू.

---

सुरंगी | सोमवार, सायंकाळी ७:११

ती शनिवारी येतेय. सकाळच्या गाडीनं राजापूरला येतो आम्ही दोघी.